जर्मन किनाऱ्याचा भार कोणाच्या खांद्यांवर?

आरमार म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें पोलादी चिलखत चढविलेलीं अजस्र जहाजें उभीं राहतात. वर्तमानपत्रें, शाळेंतील पुस्तकें व चित्रपट यांनीं मिळून ही समजूत पक्की करून टाकिली आहे. ह्याच समजुतीपायीं ज्या जर्मनीनें पाण्यासारखा पैसा ओतला, तिचा अनुभव मात्र अगदीं उलट आहे. गेल्या शतकांतील दोन्ही महायुद्धांत तिचा किनारा व तिचीं बंदरें राखण्याचें नित्याचें काम केलें तें मासेमारीच्या गलबतांनीं, जुनाट टॉर्पेडो-बोटींनीं, सुरुंग झाडणाऱ्या लहान नौकांनीं आणि सरकारनें ताब्यांत घेतलेल्या व्यापारी आगबोटींनीं. आमच्या वाचकांत करदाते व व्यापारी पुष्कळ आहेत. राज्यकर्ते लोकांचा पैसा कशावर उधळतात आणि प्रसंग आला म्हणजे भार कोणाच्या माथीं मारतात, हें पाहण्यास त्यांस ही हकीकत फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

१८९८ व १९०० सालीं जर्मन कायदेमंडळानें आरमारवाढीचे कायदे मंजूर केले. ॲडमिरल तिर्पिट्झ हे त्यांचे कर्ते. ह्या कायद्यांतून निर्माण झालेल्या प्रचंड युद्धनौकांची परीक्षा पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यांत झाली. २८ ऑगस्ट १९१४ च्या सकाळीं इंग्रजी आरमारानें हेल्गोलंड बेटाजवळील जर्मन पहाऱ्यावर छापा घातला. पहाऱ्याच्या बाहेरच्या रांगेंत टॉर्पेडो-बोटी होत्या; त्यांच्या मागें सुरुंग झाडण्याच्या कामीं लाविलेल्या, वयानें थकलेल्या बोटी. पहिला मार ह्यांनीं खाल्ला. मदतीस हलक्या क्रूझर एकेकट्या धांवून आल्या, त्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या तावडींत सांपडल्या. मग ज्या युद्धनौकांसाठीं राष्ट्रानें पंधरा वर्षें कर भरले त्या कोठें होत्या? त्या याडेच्या खाडींत होत्या. ओहोटीची वेळ असल्यामुळें खाडीच्या मुखाशीं असलेल्या वाळूच्या उथळ दांड्यावरून त्यांस बाहेर पडतां येईना! भरतीची वाट पाहत त्या थांबल्या, आणि तेवढ्या वेळांत तीन क्रूझर व एक टॉर्पेडो-बोट बुडून सातशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. 'क्योल्न' नांवाच्या क्रूझरवरील एकच माणूस वांचला. 'माइन्झ' क्रूझरवर खुद्द तिर्पिट्झांचा मुलगा होता. तो कैदी होऊन जिवंत राहिला, हें बापाचें नशीब. तें इतर शेंकडों बापांच्या वांट्यास आलें नाहीं.

ही झाली लढाई. परंतु लहान बोटींचें खरें आयुष्य लढाईंत जात नसे, तें सुरुंग झाडण्यांत जाई. पाणसुरुंग समुद्राच्या तळावरील वजनास तारेनें बांधून पाण्याखालीं लपविलेला असतो. दोन बोटी समांतर चालतात व दोहोंच्या मध्यें एक दांतेरी पोलादी तार पाण्यांतून ओढीत नेतात. ती सुरुंगाच्या तारेस लागून तार तुटली कीं सुरुंग उसळून वर येतो आणि बंदुकीनें त्याचा निकाल लाविला जातो. रात्रीं शत्रूनें येऊन पुन्हां पेरणी केली कीं सकाळीं पुन्हां तेंच काम. हा रस्ता झाडून मोकळा झाल्याशिवाय एकही पाणबुडी बाहेर पडूं शकत नव्हती कीं परत येऊं शकत नव्हती. मासेमारी ट्रॉलरांस जाळें ओढण्याची संवय असते, म्हणून त्यांच्यावर ही कामगिरी पडली. आणि त्यांची बोट सुरुंगावर गेली तर राष्ट्रीय शोक करण्याचें कोणास कारण नव्हतें.

हा प्रकार किती घातक असतो याची चव मुंबईनेंही चाखली आहे. 'वोल्फ' ह्या जर्मन जहाजानें १९१७ च्या फेब्रुवारींत मुंबईबाहेरील पाण्यांत गुपचूप सुरुंग पेरले, आणि त्यांपैकीं एकावर २३ जून १९१७ रोजीं पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' आगबोट बुडाली. पेरणारा केव्हांच निघून गेला होता. ज्यांच्या दारांत चार महिन्यांनीं पीक आलें त्यांसच तें झाडावें लागलें.

लहान जहाजांवरील जीवनाची आणखी एक बाजू मुद्दाम लक्षांत घेण्याजोगी आहे. १९१६ च्या जटलंडच्या लढाईनंतर मोठीं जहाजें बहुतेक काळ बंदरांतच बसून राहिलीं. तेथें अधिकाऱ्यांचें ताट वेगळें व खलाशांचें वेगळें. रजा, शिक्षा, कवाईत यांत पदोपदीं अपमान. १९१७ च्या ऑगस्टांत असंतोष बाहेर फुटला, तेव्हां राइखपीच व क्योबिस ह्या दोघांस ५ सप्टेंबर रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या. त्यानें कांहींएक साधलें नाहीं. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरअखेर, युद्ध हरल्याचें दिसत असतांना, केवळ आरमाराची अब्रू राखण्यासाठीं शेवटची स्वारी काढण्याचा बेत ठरला. तेव्हां 'थ्यूरिंगेन' व 'हेल्गोलंड' ह्या मोठ्या जहाजांवरील लोकांनीं बंड केलें, बॉयलरखालचे विस्तव विझवून टाकिले, आणि तेथून पेटलेल्या बंडानें बादशाही कोसळली. ह्याच दिवसांत टॉर्पेडो-बोटी व पाणबुड्या यांवरील खलाशी बव्हंशीं हुकमांत राहिले. इतके कीं बंडखोर जहाजांवर तोफा रोखण्यास त्यांच्याच बोटी पाठविण्यांत आल्या. ह्यावरून कोणी ते लोक गुलामी वृत्तीचे होते असें म्हणेल, तर आम्हांस तें पटत नाहीं. लहान बोटींत कप्तान व खलाशी एकाच भांड्यांतलें खातात व एकाच लाटेनें भिजतात; तेथें अधिकाराला माणुसकी सोडून वागतांच येत नाहीं. आमच्याकडे गिरण्यांत, कचेऱ्यांत व शाळांतही धाकाखेरीज शिस्त नाहीं असें मानणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांनीं विल्हेल्म्सहाफेनची ही हकीकत सवडीनें वाचावी.

इतका कडू अनुभव घेऊनही पुढच्या राज्यकर्त्यांचा मोठ्या जहाजांचा सोस गेला नाहीं. 'बिस्मार्क' २७ मे १९४१ रोजीं दोन हजारांवर माणसांसह बुडाली. 'तिर्पिट्झ' नॉर्वेच्या खाड्यांत दडून राहिली व १२ नोव्हेंबर १९४४ रोजीं विमानांनीं तिला उलटी केली. मधल्या काळांत किनारा कोणीं राखला? उत्तर समुद्रांत मासे पकडणारे ट्रॉलर सरकारनें ताब्यांत घेतले, त्यांवर एखादी ८८ मिलिमीटरची तोफ, विमानांसाठीं लहान तोफा व पाणबुड्यांसाठीं जलबाँब चढविले, आणि त्यांस 'फोरपोस्टनबोट' म्हणजे चौकीच्या बोटी म्हणूं लागले. दप्तरांत बोटीच्या नांवाच्या जागीं क्रमांक आला. 'व्ही १५०९' म्हणजे पंधराव्या तुकडींतील नववी बोट. नॉर्वेहून लोहखनिज आणणाऱ्या आगबोटी व हॉलंडपासून एल्बे नदीच्या मुखापर्यंतची मालवाहतूक ह्यांच्याच सोबतीनें चाले. ट्रॉलर पुरेनात तेव्हां चोवीस मीटर लांबीच्या लांकडी युद्धमचव्यांचा नमुना काढला. हजारांहून अधिक मागविले, त्यांतले सहाशेंवर पुरे झाले. युद्धानंतर मासेमारीस उपयोगी पडावे अशीच त्यांची बांधणी होती. एवढी एक गोष्ट शहाणपणाची झाली.

ह्यांहून कठीण काम 'श्पेरब्रेखर' नांवाच्या जहाजांचें. व्यापारी आगबोटीच्या पोटांत पिंपें व लांकडें भरावयाचीं, म्हणजे भोंक पडलें तरी ती तरंगत राहील. आंत विजेचें प्रचंड लोहचुंबक बसवावयाचें. आणि इतरांच्या पुढें चालवून चुंबकी सुरुंग तिच्याकरवीं फोडावयाचे. अशीं सुमारें शंभर जहाजें चालविलीं गेलीं, त्यांतलीं जवळजवळ निम्मीं बुडालीं.

वरिष्ठांची बेफिकिरी पाहावयाची असेल तर 'क्रेब्स' ह्या सशस्त्र ट्रॉलरची गोष्ट घ्यावी. ४ मार्च १९४१ रोजीं इंग्रजांनीं लोफोटेन बेटांवर छापा घातला, तेव्हां हा ट्रॉलर 'सोमाली' ह्या विनाशिकेशीं झगडला. कप्तानानें मरण्यापूर्वीं गुप्तलेखनाचें 'एनिग्मा' यंत्र समुद्रांत टाकिलें. तथापि सुटीं चक्रें व किल्ल्यांचे कागद शत्रूच्या हातीं लागले, आणि ब्लेचली पार्क येथील तज्ज्ञांस फेब्रुवारी महिन्याचे आरमारी संदेश वाचतां आले. सबंध आरमाराचें गुपित एका दुबळ्या ट्रॉलरवर ठेवावयाचें व त्याच्या रक्षणाची तजवीज करावयाची नाहीं, ह्याचा दोष त्या मेलेल्या कप्तानाकडे जात नाहीं. ५ जून १९४४ च्या रात्रीं हवा खराब म्हणून नॉर्मंडीसमोरची गस्त वरूनच रद्द झाली, आणि त्याच रात्रीं दोस्तांचें प्रचंड आरमार चाल करून आलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या बोटी जो किनारा 'राखीत' होत्या, त्याचा फार मोठा भाग नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जम व फ्रान्स ह्या जिंकलेल्या देशांचा होता, आणि त्या किनाऱ्यामागें जें राज्य चाललें होतें त्याच्या क्रौर्यास तोड नाहीं. तेव्हां ह्या लोकांचे पोवाडे गाण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. पण घरची बोट, हातचा धंदा व जीव हे तिन्ही ज्यांच्याकडून घेतले, त्यांस कोणीं विचारलें होतें?

युद्ध संपलें तरी त्यांची सुटका झाली नाहीं. १९४५ च्या उन्हाळ्यांत इंग्रजांच्या देखरेखीखालीं जर्मन सुरुंग-सफाईचें खातें उभें राहिलें. सुमारें २७,००० माणसें व तीनशेंच्या आसपास नौका १९४७ अखेरपर्यंत पूर्वीचेच सुरुंग वेंचीत होत्या. व्यापारी मनुष्य माल घेतांना हमाली, जकात व नुकसान धरूनच भाव ठरवितो. आरमाराचें अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनींही मासेमाराच्या बोटीचें भाडें, खलाशाच्या विधवेचें वेतन व पेरलेले सुरुंग काढण्याचा खर्च हीं तीन कलमें जहाजाच्या किंमतीशेजारीं आधींच लिहावींत, असें आमचें मागणें आहे. मग किती सभासद हात वर करितात तें पाहूं.

तिसरें कलम किती लांबतें तें आतां दिसूं लागलें आहे. जर्मनीच्या उत्तर व बाल्टिक समुद्रांतील पाण्यांत सुमारें सोळा लाख टन जुना दारूगोळा अद्याप पडून असल्याचा अंदाज आहे. त्यांत सुरुंग आहेत, तसेच बाँब आणि युद्धानंतर मुद्दाम बुडविलेला माल आहे. तो काढण्यासाठीं तेथील सरकारनें दहा कोटी युरो बाजूस ठेविले आणि २०२४ सालीं ल्यूबेकच्या उपसागरांत प्रायोगिक सफाई सुरू केली. त्या समुद्रांवर मासेमारांचीं जाळीं पडतच आहेत, आणि मासळीबरोबर कधीं कधीं एखादा गंजलेला बाँबही त्यांच्या नौकेवर येतो.