जुनी पालिओ घेताय? आधी बेल्ट विचारा

२००१ साली आपल्याकडे आलेली फियाट पालिओ आठवते? सचिन तेंडुलकर जिच्या जाहिरातीत असायचा, तीच. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचं १.६ लिटरचं जीटीएक्स मॉडेल छोट्या गाड्यांत वेगळंच होतं. सुमारे १०० अश्वशक्ती, जड दारं, वळणावरही रस्ता न सोडणारी चाल. पेट्रोल मात्र भरपूर प्यायची. आज हौशी मंडळी तीच शोधत असतात.

घरात कुणी असा हट्ट धरला असेल, तर लगेच नाही म्हणू नका. फक्त किलोमीटरचा आकडा कमी आहे म्हणून भुलू नका, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललाच नाही असं धरून चाला. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि मग गाडीच्या किमतीएवढं बिल हातात येतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असे टायर बदलायचेच. ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि नेमकं घाट उतरताना दगा देतं.

आता मॉडिफिकेशन. तरुण मुलांना आधी हवा असतो सायलेन्सरचा आवाज. (शेजाऱ्यांना तो नको असतो, हे वेगळं.) माझ्या मते पहिले पैसे ब्रेक पॅड, टायर आणि सस्पेन्शनच्या बुशांवर घाला; गाडी निम्मी नवी वाटेल. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणी पुढे चालू ठेवायला गाडी आरटीओत दाखवावी लागते, तिथे हे बदल अडचणीचे ठरतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो. दिल्ली परिसरात राहत असाल, तर जुन्या गाड्यांचे तिथले नियम सौद्याआधी पाहून घ्या.

सुटे भाग शोधताना सिएना आणि पेट्राचेही विचारा, ही एकाच घरातली भावंडं. आणि गाडी बघायला मेकॅनिकला घेऊन सकाळी जा. मालकाला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.