तारखेचा विटाळ

वीस मार्चला महाडला गेलो होतो. वस्तीतल्या पोरांनी टेम्पो केला होता. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलो, ओंजळ भरली, ओठाला लावली. अंगावर काटा आला. रात्री दीडला घरी पोचलो तर आई गल्लीच्या तोंडाशी चार रिकामे गॅलन घेऊन बसलेली. पाणी दोनला येतं. नळ आमचा नाही, पलीकडच्या गल्लीतल्या एकाचा आहे. तो गॅलनमागे पैसे घेतो.

आईनं विचारलं, "पिलास का रं तळ्याचं पानी?"

म्हटलं, "पिलो."

"बरं झालं. आता हा गॅलन धर."

दोस्तहो, हे वाक्य टाळक्यात रुतून बसलंय. म्हणून हे लिहितोय.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यातला कागदाचा इतिहास आपण विसरतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे ओंजळ भरली. मग सनातन्यांनी आमची डोकी फोडली, पंचगव्यानं तळं 'शुद्ध' केलं आणि कोर्टात जाऊन सांगितलं, तळं खासगी आहे. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. ओंजळ ते निकाल, दहा वर्षं.

आता मुंबई बघा. १९९६ साली सरकारनं परिपत्रक काढलं. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी नाही. पुढे ती तारीख २००० वर सरकली. तारीख सरकते, रेघ तीच राहते. आता नळावर जात कुणी विचारत नाही. पुरावा कोणत्या सालचा, एवढंच विचारतात. आमच्या अर्जालाही टेबलामागच्या माणसानं हेच उत्तर दिलं. वर म्हणाला, जमीन खासगी आहे, मालकाचं ना-हरकत पत्र आणा. तळं खासगी, जमीन खासगी! शंभर वर्षांत साला शब्दसुद्धा बदलला नाही.

पाणी हक्क समिती हायकोर्टात लढली. १५ डिसेंबर २०१४ ला कोर्टानं सांगितलं, पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी माणूस तहानलेला ठेवता येणार नाही. निकाल मोठाच. पण त्याच निकालात हेही आहे की कायदेशीर घरांच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही, घरात नळ द्यायलाच हवा असं नाही, दर जास्त लावला तरी चालेल. म्हणजे प्या, पण वेगळ्या भांड्यानं. १ मे २०२२ ला महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. 'सर्व' हा शब्द छापून झाला. आई अजून दोन वाजता उठते.

पाणी कमी आहे म्हणतात. सात धरणा-तलावांतून मुंबईला दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी येतं. २०११ च्या जनगणनेतली १.२४ कोटी माणसं धरा, डोई तीनशे लिटरच्या वर पडतं. गळती वजा करा, चोरी वजा करा, नंतर वाढलेली माणसं मिळवा. तरी इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्याला ४५, हे माप वर्षानुवर्षं कोणत्या गणितानं चाललं? ज्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचं पाणी येतं तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. प्रश्न वाटपाचा आहे, आणि वाटणाऱ्याचा हात आपण ओळखतो.

पांढरपेशे म्हणतात, पाणी दिलं तर झोपड्या वाढतील. नळ बघून कुणी गाव सोडत नाही. दुष्काळानं सोडतं, गावकीच्या छळानं सोडतं, पोटासाठी सोडतं. पाणी तोडून झोपड्या थांबल्या नाहीत. थांबली ती आंघोळ. माझा बाप कंत्राटी सफाई कामगार. शहराची गटारं उपसून येतो आणि अर्ध्या बादलीत अंग धुतो.

आता आपल्याबद्दल. पाणी तोडल्यानं आणखी एक गोष्ट वाढली, पाण्याचा धंदा. आमचा गॅलनवाला कुणी सनातनी नाही. आपलाच आहे. चौदा एप्रिलला सगळ्यांत मोठी वर्गणी त्याची, कमानीवर फोटोही त्याचा. गेल्या जयंतीला त्याच्याच पैशाच्या डीजेवर मी नाचलोय. ती वर्गणी आपल्या आयांच्या झोपेतून कापलेली आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. की आलं आणि गप्प बसलो?

म्हणून मंडळाच्या बैठकीत मी मांडणार आहे. त्याची वर्गणी घ्यायची नाही. कमान लहान झाली तरी चालेल. पाच-पाच घरांचे गट करून प्रत्येक गल्लीचा अर्ज भरायचा. अर्ज नाकारला तर नकार लेखी मागायचा, तारीख-शिक्क्यासह. त्यांना तारखांची एवढी हौस आहे तर आपणही तारखा जमवू. आणि मोर्चा निघेल तेव्हा हंडे फक्त बायांच्या डोक्यावर नकोत. पोरांनीही उचलायचे.

येत्या वीस मार्चला महाडला जाणारच. पण तोवर रोज रात्री दोनला गल्लीच्या तोंडाशी मी बसणार आहे. आईनं झोपावं.

जयभीम.