पश्चिम जिंकली ती कोणी?

‘जिने पश्चिम जिंकली ती बंदूक!’ विंचेस्टर कंपनीच्या १८७३ सालच्या रायफलीला ही पदवी अशी काही चिकटली आहे की, अमेरिकेच्या इतिहासातले दुसरे काही ठाऊक नसलेला मनुष्यही ती म्हणून दाखवतो. पण पदवी दिली कोणी? सेनापतीने नव्हे, इतिहासकारानेही नव्हे. माल विकणाऱ्याने आपल्याच मालाला लावलेली ती चिठ्ठी आहे.

मूळ पुरुष ऑलिव्हर विंचेस्टर हा ना लोहार, ना शिपाई. न्यू हेवन गावी त्याचा शर्टांचा कारखाना होता. १८५५ साली त्याने एका बंदूक कंपनीत भांडवल घातले आणि पुढे ती ताब्यात घेतली. दांडी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर आणि भरलेले आत, अशी रायफल १८६० साली घडवली ती बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने. १८६६ साली कंपनीवर नाव चढले ते मात्र विंचेस्टरचे. शर्टाच्या कॉलरवर शिंप्याचे नाव कधी असते का?

आता तो विजय पाहू. अमेरिकन घोडदळाला सरकारने ही बंदूक दिलीच नव्हती! शिपायांकडे होती ती एकबारी स्प्रिंगफील्ड. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर आपल्या तुकडीसह मारला गेला, तेव्हा हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या समोरच्या लकोटा व शायेन योद्ध्यांपैकी अनेकांच्या हाती. १९८४ साली त्या रणभूमीचे उत्खनन झाले. मातीतून निघालेल्या काडतुसांनी तशी साक्षच दिली. म्हणजे या बंदुकीने गाजवलेली सर्वांत प्रसिद्ध लढाई जिंकली ती मूळ रहिवाशांनी. बरे, बायसनचे कळप तरी तिने संपवले म्हणावे, तर कातड्यांच्या व्यापाऱ्यांची आवडती होती ती शार्प्सची जड, एकबारी रायफल.

कोणी म्हणेल, जाहिरातच ती, एवढे काय मनावर घ्यायचे? जाहिरात दुकानात राहिली असती तर घेतलेही नसते. पण १९५० साली या रायफलीच्या नावाने चित्रपट निघाला; अशा कथांतून ‘जिंकली’ हा शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला. जिंकली कोणाकडून, हे कोणी विचारीनासे झाले. ब्लॅक हिल्सचा मुलूख १८६८ च्या तहाने लकोटांचा होता. १८७४ साली तिथे सोने सापडले, आणि १८७७ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून तो काढून घेतला. यात बंदुकीपेक्षा बंद केलेल्या शिधापाण्याचा आणि कागदाचा पराक्रम मोठा!

कंपनीचे म्हणाल तर १९३१ साली तिचे दिवाळे निघाले, न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद पडला, आणि त्याच नावाची १८७३ ची नवी रायफल पुढे जपानात तयार होऊ लागली. चिठ्ठी तेवढी टिकली.

१९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सबद्दल व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई देणे लागते, असे ठरवले. लकोटांनी त्या पैशाला हात लावलेला नाही. डोंगर द्या, म्हणतात.