पूर्वपक्षाचा मान

युरोपच्या मध्ययुगाला ‘अंधारयुग’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे. धर्मग्रंथात जे लिहिले ते मुकाट्याने मानायचे, एवढेच त्या काळी लोकांना ठाऊक होते, अशी आपली समजूत असते. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

इ. स. १०९५ च्या सुमारास अल् गझाली या धर्मपंडितांनी तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. पण त्याच तत्त्वज्ञांची मते नीट समजावून देणारा ग्रंथही त्यांनी रचला होता. ती मांडणी इतकी प्रामाणिक होती, की त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर वाचणाऱ्या युरोपीय पंडितांनी गझालींनाच त्या मतांचे पुरस्कर्ते मानले! पुढे कॉर्डोव्हाच्या इब्न रश्द (११२६–११९८) यांनी गझालींना उत्तर दिले, तेही त्यांचे उतारे एकामागून एक उद्धृत करून. तेराव्या शतकात थॉमस अक्विनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये हीच शिस्त पाळली. प्रत्येक प्रश्नावर आधी विरोधी आक्षेप, मग स्वतःचे मत आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर, असा त्यांचा क्रम आहे. ‘ईश्वर आहे काय?’ हा प्रश्नही त्यांनी यातून वगळला नाही. आपल्याकडील शास्त्रकार यालाच ‘पूर्वपक्ष’ म्हणत.

हा काळ निर्दोष होता असे नव्हे. ११९५ मध्ये इब्न रश्द यांना हद्दपारी सोसावी लागली. पॅरिसमध्ये १२१० साली ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी आली. १२७७ मध्ये तेथील बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. श्रद्धेची चौकट विचारवंतांनाही ओलांडता येत नव्हती, हे खरेच. तरीही १२५५ पर्यंत ॲरिस्टॉटलचे तेच ग्रंथ पॅरिस विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आले होते. बंदीने प्रश्न मिटत नाहीत. ते फक्त काही काळ दबून राहतात.

आज आपल्याला विचारस्वातंत्र्य लाभले आहे. पण वाद घालताना आपण प्रतिपक्षाचे म्हणणे किती निष्ठेने मांडतो? बहुधा त्याचे सर्वांत दुबळे वाक्य उचलतो आणि त्यावरच विजय साजरा करतो. प्रतिपक्षाला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत त्याचे मत मांडणे, ही खंडनाची पहिली पायरी आहे. ती ज्यांना साधली, त्यांच्या युगाला अंधारयुग म्हणण्यापूर्वी आपण आपल्या हातातील दिवा एकदा तपासून पाहावा.