कायद्याची पेटी गावात हवी



मागे आम्ही आपल्याच भागातल्या एका गावात बैठकीला गेलो होतो. बैठक संपली, माणसं उठली, तेव्हा एका आजीनं छपराच्या वाशात खोचून ठेवलेला कागद काढला आणि आमच्या हातात दिला. म्हणाली, "हे काय लिहिलं आहे ते सांगा." तिच्या जबरानजोत शेतीचा वनहक्क दावा उपविभागीय समितीनं नामंजूर केल्याचं ते पत्र होतं. अशा निर्णयावर जिल्हा समितीकडे अपील करायला साठ दिवस असतात. पत्रावरची तारीख पाहिली तर ते साठ दिवस कधीच उलटून गेले होते.

शेत होतं. बांध होता. सासऱ्यानं भरलेल्या दंडाची जुनी पावतीसुद्धा गाडग्यात जपून ठेवली होती. नव्हती ती एकच गोष्ट. साठ दिवसांच्या आत काय करायचं हे ज्यातून कळलं असतं, ते पुस्तक गावात नव्हतं.

ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं असते: कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. ठीक आहे, नाही चालत. पण मग कायदा लोकांना माहीत करून देण्याचं काम कोणाचं? हा प्रश्न काही आम्हीच पहिल्यांदा विचारत नाही. १९५१ साली सुप्रीम कोर्टात हरला विरुद्ध राजस्थान सरकार असा खटला चालला. हरलावर जयपूर संस्थानच्या अफूच्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला होता. तो कायदा १९२३ साली मंत्रिमंडळानं ठराव करून केला, पण कुठं छापला नाही, जाहीर केला नाही. कोर्टानं सांगितलं की जो कायदा लोकांपुढे आणलाच नाही त्याच्याखाली कोणाला शिक्षा देता येत नाही. दंड रद्द झाला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस त्याआधी आपल्या नागपूरच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते.

पन्नास रुपयांच्या दंडासाठी एक माणूस दिल्लीपर्यंत गेला आणि त्यातून सगळ्या देशाला एक तत्त्व मिळालं. पण यात एक खोच आहे, ती आपण ओळखली पाहिजे. कायदा जाहीर झाला म्हणजे काय झालं? राजपत्रात छापून आला. राजपत्र भामरागडला येते का? कोरचीला येते का? जिवतीच्या पहाडावर येते का? कागदोपत्री कायदा सगळ्यांना माहीत झालेला असतो. प्रत्यक्षात तो नाकेदाराला माहीत असतो, ठेकेदाराला माहीत असतो, आणि ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यालाच माहीत नसतो.

कायद्याची पुस्तकं असतात कुठं? कोर्टाच्या ग्रंथालयात असतात, ती न्यायाधीशांसाठी. वकिलांच्या खोलीत असतात, ती वकिलांसाठी. ऑफिसच्या कपाटात असतात, त्याची किल्ली साहेबाकडे आणि साहेब दौऱ्यावर. गावच्या वाचनालयाला १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळू शकते, पण अशा वाचनालयांत आम्ही पाहिलं तर कथा-कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती. त्याला आमचा विरोध नाही. त्याच फळीवर वनहक्काचा कायदा का नाही, एवढंच विचारतो.

दुसरीकडे हे होऊ शकलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक जिल्ह्याला कायद्याचं ग्रंथालय आहे आणि ते त्या जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही फुकट वापरता येते. त्याचा खर्च मुख्यतः दिवाणी दावा दाखल करताना लोक जी फी भरतात तिच्यातल्या हिश्श्यातून निघतो. कोर्टात भरलेला लोकांचा पैसा लोकांनाच पुस्तकाच्या रूपानं परत मिळतो. आपणही कोर्ट फीचे स्टॅम्प लावतोच की!

आपल्या देशातल्या कायद्यालाही ही गोष्ट अगदीच परकी नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ काढून वाचा. प्रत्येक ऑफिसनं आपली माहिती मागायच्या आधीच जाहीर करायची आहे. लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर तो कधी उघडा असतो तेही जाहीर करायचं आहे. पुढच्या वेळी तहसीलला गेलात तर सहज विचारून पाहा, "साहेब, वाचनकक्ष किती वाजता उघडतो?"

आता घरचं उदाहरण. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्याला माहीत आहे. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा आपण सगळेच देतो. पण त्या घोषणेच्या मागे मेंढ्याचा अभ्यास गट आहे, हे आपण विसरतो. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातली बायामाणसं वर्षानुवर्षं बसून कायदे वाचत आली. अभ्यास गटात फक्त वाचायचं, बोलायचं, शंका काढायच्या. निर्णय तिथं घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. म्हणून वनहक्क कायदा लागू झाला तेव्हा मेंढा आणि मर्दा ही गावं तयार होती. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हा कायदा आल्यावर असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत या दोन गावांचं नाव घेतात.

तिथंही भांडण संपलं नाही. बांबू अडला. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडात धरलं होतं, म्हणून वनखातं बांबू सोडायला तयार नव्हतं. पण २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, कलम २ मध्ये, आणि तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गावानं ते वाचलेलं होतं, म्हणून गाव हटलं नाही. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतुकीचं पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द कोणत्या पानावर आहे हे गावाला माहीत होतं.

म्हणून आमचं म्हणणं आहे की प्रत्येक गावात, प्रत्येक टोल्यात कायद्याची एक पेटी हवी. पत्र्याची साधी पेटी चालते, वाळवी लागणार नाही अशी. गोटुलात ठेवा, समाजमंदिरात ठेवा, शाळेत ठेवा.

पेटीत काय ठेवायचं? २००६ चा वनहक्क कायदा, २००८ चे नियम आणि २०१२ ची सुधारणा, मराठीत. १९९६ चा पेसा कायदा. माहिती अधिकाराचा कायदा. आणि १९२७ चा वन कायदाही. ज्याच्याखाली आपल्यावर केस होते तो कायदा तर आधी वाचला पाहिजे.

पण ही झाली अर्धी पेटी. उरलेली अर्धी गावाच्या स्वतःच्या कागदांची. निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज, गावाचा नकाशा, ग्रामसभेचे ठराव, दाव्यांच्या प्रती आणि पोचपावत्या, आलेली सगळी पत्रं. निस्तारपत्रकाचा मसुदा गावात जाहीर करून, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून मगच ते पक्कं करायचं असते, असं जमीन महसूल कायद्याच्या कलम १६१ मध्ये लिहिलं आहे. म्हणजे तो गावाचाच कागद. मग गावानं तो मागून आणला पाहिजे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची दंडाची पावती घरात असेल तर फेकू नका. त्या वेळी आपण त्या जमिनीवर होतो हे सांगणारा तो कागद आहे. ज्या कागदानं आपल्याला चोर ठरवलं, तोच आता आपला साक्षीदार आहे.

पुराव्यासाठी नियम १३ वाचा. सरकारी गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, वनखात्याच्या कार्य आयोजना, हे सगळं पुराव्यात धरलं आहे. १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, १८६९ चा चांद्याच्या बंदोबस्ताचा अहवाल आहे. इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेली ही पुस्तकं आज आपल्या कामाची आहेत. आणि त्याच नियमात विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं यांचा उल्लेख आहे, गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणंही आहे. आपले म्हातारे म्हणजे चालतीबोलती पुस्तकं. ती पेटीत ठेवता येत नाहीत, म्हणून आजच लिहून घ्या.

कागद मिळवायचे कसे? नियम १२ प्रमाणे ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागणी केली की संबंधित ऑफिसनं खरी प्रत द्यायची आहे. तेवढ्यानं नाही झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा स्टॅम्प, पानाला २ रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फुकट. प्रती काढायला भिऊ नका. कोर्टाचा निकाल कोणीही छापू शकतो. कायदाही छापता येतो, फक्त सोबत आपली काही टीप जोडायची. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नं ही मोकळीक दिली आहे. आमची स्टेन्सिल त्याच जोरावर चालते. आणि सरकारनंच केलेल्या कायद्याचं पुस्तक झोळीत सापडलं म्हणून कोणी दरडावलं तर शांतपणे सांगा, हे सरकारचंच आहे.

एक सावधगिरीचं बोलणं बोलतो. पेटी आणली आणि किल्ली एकाच शिकलेल्या पोराच्या कमरेला लागली, तर गावात आणखी एक साहेब तयार झाला असं समजा. किल्ली दोघांकडे असू द्या, त्यातली एक बाई असू द्या. आठवड्यातून एक रात्र ठरवा. ज्याला वाचता येते त्यानं एक कलम मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं ते गोंडीत, माडियात सांगावं, आणि सगळ्यांनी आपल्या गावात हे कुठं लागू पडते ते बोलावं. एका रात्री एकच कलम झालं तरी चालते. नुसत्या पुस्तकानं पट्टा मिळत नाही हे आम्हालाही माहीत आहे. त्यासाठी मोर्चा लागतो, धरणं लागते, वेळ आली तर कोर्ट लागते. आदिवासीला कोर्टात फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. पण मोर्चात गेल्यावर काय मागायचं, वकिलाला काय सांगायचं, हे ज्याला माहीत आहे त्याला कोणी लवकर परत पाठवू शकत नाही.

त्या आजीचं काय झालं? समितीनं दावा नाकारताना सविस्तर कारण द्यायचं असते. तिच्या पत्रात कारणाची एक धड ओळही नव्हती. तेच धरून ग्रामसभेनं ठराव केला, दंडाची पावती आणि दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले आणि प्रकरण पुन्हा वर पाठवलं. निकाल अजून यायचा आहे. पण तो आला की कागद छपरात जाणार नाही. त्या गावानं पेटी आणली आहे.

तुमच्या गावात पेटी आली की आम्हाला कळवा. ज्या गावांत नाही त्यांना या अंकासोबत नियम १२ आणि १३ ची पानं, आमच्या टिपेसह, पाठवत आहोत. तीच पेटीतली पहिली पानं समजा.

जय सेवा!