यंत्रात बेतलेले नशीब

जुगारी स्वतःच्या हव्यासाने बुडतो, त्यात यंत्राचा दोष तो काय, असा युक्तिवाद कॅसिनोचे मालक आणि त्यांच्या करावर डोळा ठेवून असलेली सरकारे नेहमीच पुढे करतात. हा युक्तिवाद दिसायला साळसूद आहे. पण त्यात मूळ गोष्टच दडवली जाते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाचा स्वभाव पालटलेला नाही. पालटले आहे ते यंत्र. आणि ते नफ्यासाठी हेतुपुरस्सर पालटले गेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनवले. तीन चाके, प्रत्येकावर दहा चिन्हे. म्हणजे एकूण १,००० जुळण्या. खेळणाऱ्याला निदान हिशेब करणे शक्य होते. १९८४ साली इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत मिळालेल्या पेटंटाने तो हिशेबच निकालात काढला. चाक कोठे थांबायचे हे आता यंत्रातील संगणक ठरवतो. फिरणारे चाक हा केवळ देखावा उरतो. समजा, दिसणाऱ्या चाकावर २२ जागा आहेत आणि संगणकातील अदृश्य चाकावर ६४. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला प्रत्येक चाकावर एकच जागा दिली, तर बक्षिसाची शक्यता डोळ्यांना १०,६४८ मध्ये एक भासते. प्रत्यक्षात ती २,६२,१४४ मध्ये एक असते. शिवाय त्या चिन्हालगतच्या रिकाम्या जागांना अधिक वाटा दिला, की चिन्ह वारंवार रेषेच्या किंचित वर वा खाली येऊन थांबते. खेळणाऱ्याला वाटते, थोडक्यात हुकले. ते हुकणे आधीच बेतलेले असते.

पुढची पायरी पडद्याची. एकाच डावात वीस रेषांवर वीस नाणी लावायची, त्यातली पाच परत मिळायची, आणि पंधरा नाण्यांच्या या तोट्यावर यंत्राने दिवे लावून विजयाचे सूर वाजवायचे! दांडा गेला, बटण आले. नाणी गेली, छापील चिठ्ठी आली. हाताला आणि विचाराला उसंत मिळेल अशी प्रत्येक फट बुजवली गेली. सभासद-कार्डामुळे तर कोण किती वेळ बसला, किती हरला, याची नोंद मालकाच्या हाती आयतीच पडते. लास व्हेगासमधील खेळाडूंचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी २०१२ च्या ग्रंथात दाखवून दिले, की यंत्राला जखडलेली माणसे जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. भान हरपून नुसते खेळत राहण्यासाठी खेळतात. कारखान्यात घड्याळ लावून मजुराचा प्रत्येक क्षण नफ्याला जुंपला गेला. येथे त्याच्या विश्रांतीचा क्षणही जुंपला गेला.

आणि हा नफा येतो कोणाकडून? ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० साली अंदाज दिला, की अशा यंत्रांवरील खर्चापैकी सुमारे ४० टक्के भाग जुगाराने ग्रासलेल्या माणसांचा असतो. एका डावाला कमाल एक डॉलर, अशी मर्यादा घालण्याची शिफारस आयोगाने केली. जुलिया गिलार्ड सरकारने खासदार अँड्र्यू विल्की यांना पूर्वनिश्चित मर्यादा सक्तीची करण्याचे वचन दिले होते. क्लबांनी विरोधात मोहीम उघडली आणि जानेवारी २०१२ मध्ये सरकारने वचन सोडून दिले. थैलीपुढे सरकार वाकले!

पण हे अटळ नाही. नॉर्वेने १ जुलै २००७ पासून अशी यंत्रे उठवली. नंतर सरकारी यंत्रे आणली तीही वैयक्तिक कार्ड आणि तोट्याची मर्यादा घालूनच. ब्रिटनमध्ये बेटिंगच्या दुकानांतील यंत्रांवर दर वीस सेकंदांना १०० पौंड लावता येत. एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा २ पौंडांवर आली.

आपल्याकडे काय? गोव्यात १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे बसवण्यास वाट करून दिली गेली. १९९६ साली जहाजांनाही दार उघडले. मांडवीतील कॅसिनो हे त्याचेच फळ. महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अंमलात न आलेला, कॅसिनो कायदा २०२३ साली रद्द केला, हे योग्यच झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मोबाईलवरील पैशांच्या खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. मग जी लूट हातातल्या पडद्यावर गुन्हा ठरते, ती मांडवीच्या पाण्यावर पर्यटन कशी ठरते?

जुगाऱ्याला नीतिपाठ देणे सोपे आहे. मागणी करायची ती यंत्राच्या मालकाकडे व सरकारकडे: यंत्राचे गणित जनतेपुढे उघड करा, डावाची रक्कम आणि वेग कायद्याने बांधा, आणि माणसाच्या नाशावर तिजोरी भरणे थांबवा.