गुप्तलिपि आणि रहस्यकथाकार

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा एखादा गुप्त पोलिस, खून झालेल्या माणसाच्या खिशांत सांपडलेली अगम्य चिठ्ठी, आणि रात्रभर येरझारा घातल्यावर पहांटे तिचा अर्थ एकाएकीं उमगणें, एवढ्या भांडवलावर रचलेल्या रहस्यकथा आमच्या सुशिक्षित घरांतून मोठ्या आवडीनें वाचल्या जातात. चार घटका करमणूक झाली तर बिघडलें काय, असें त्यांचे कैवारी विचारतात. करमणुकीशीं आमचें वैर नाहीं. आमचा आक्षेप असा कीं, या कथा एका कष्टसाध्य शास्त्राला साक्षात्कार ठरवितात.

जुन्या लेखकांनीं हा अपराध केला नव्हता. एडगर ॲलन पो याच्या १८४३ मधील 'द गोल्ड-बग' या कथेचा नायक चिन्हें मोजतो; इंग्रजींत 'ई' हें अक्षर सर्वांत अधिक वेळां येतें, या हिशेबावरून पायरीपायरीनें पुढें सरकतो. कॉनन डॉइलच्या नाचऱ्या आकृत्यांच्या कथेंत (१९०३) होम्सही तेंच करतो. वाचकाला तेथें पडताळा पाहतां येतो. आजचा नायक डोळे मिटतो, आणि किल्ली त्याला सुचते!

आतां खरें उदाहरण पाहा. एलिझेबेथ फ्रीडमन ही इंग्रजी वाङ्मयाची पदवीधर. दारूबंदीच्या काळांत सरकारी नोकरींत राहून तिनें चोरट्या दारूवाल्यांचे हजारों सांकेतिक संदेश उकलले, आणि १९३३ सालीं न्यू ऑर्लिअन्सच्या न्यायालयांत त्यांविषयीं साक्ष दिली. न्यायालयांत प्रतिभेची ग्वाही चालत नाहीं. प्रतिपक्षाच्या वकिलासमोर आपल्या रीतीचें समर्थन करावें लागतें.

परंतु तिची खरी थोरवी याहून निराळी आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत बेकननें गुप्त संदेश दडविले आहेत, हें सिद्ध करण्याच्या कामासाठींच एका धनिकानें १९१६ सालीं तिला नेमलें होतें. असें असूनही १९५७ सालीं तिनें व तिचा पति विल्यम यानें ग्रंथ लिहून तो सारा डोलारा पाडला. एकाच मजकुरावरून दोन शोधकांना दोन उत्तरें मिळत असतील तर ती उकलच नव्हे, ही त्यांची कसोटी.

"येथें संकेतच नाहीं," असें म्हणणारा नायक किती रहस्यकथांत भेटतो? तसा नायक पत्करला तर पुस्तक पन्नासाव्या पानावरच संपेल! म्हणून प्रत्येक रेघेंत अर्थ दडलेला असतो व हुशार माणसाला तो दिसतोच, हा समज वाचकाच्या मनांत मुरतो. मग जुन्या पोथ्यांतून विमानें आणि अणुबाँब शोधून काढणारे आमचे विद्वान टाळ्या मिळवितात, यांत नवल तें काय? पुरावा मागणारा तेवढा अरसिक ठरतो.

रहस्यकथा अवश्य वाचाव्या. मात्र घरांतील मुलांच्या हातीं त्या देतांना एक प्रश्नही शिकवावा: ही किल्ली सांपडली कशी, आणि तीच लावून आपणांस तेंच उत्तर मिळतें काय? याचें उत्तर जो लेखक देत नाहीं, त्यानें रहस्य उकललेलें नाहीं. नुसतें संपविलें आहे.